द्राक्षांच्या गावी चार दिवस

पुण्याहून नाशिकास जाण्याचे प्रसंग आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदा तरी येतात. कधी लग्नमुंज, कधी गोदास्नान, तर कधी नुसत्या माणसांच्या भेटी. येताना चिवडा, द्राक्षांची पेटी आणि भांडीबाजारातील एखादे पितळेचे भांडे आणावयाचे, हा शिरस्ताही जुनाच. परंतु गेल्या फाल्गुनात आम्ही उभयता गेलो ते निराळ्या कारणाने. आमच्या आत्याबाईंच्या घरून निरोप आला होता, "निफाडकडील बाग या हंगामानंतर काढून टाकावयाची ठरली आहे. एकदा पाहून जा."

ही बाग म्हणजे आमच्या आतोबांचा जीव की प्राण. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलोपार्जित जमिनीपैकी दोन एकरांत द्राक्षे लाविली, त्याला आता बावीस वर्षे होत आली. आतोबा जाऊन तीन वर्षे झाली. आत्याबाईंनी त्यानंतर बागेत पाऊल टाकिले नाही, आणि घरात बागेचा विषय निघाला की त्या उठून देवघरात जातात, हेही आमच्या कानावर आले होते. तेव्हा बाग पाहावयास जावयाचे, की आत्याबाईंना, हे आमचे आम्हांसही नीटसे सांगता आले नसते.

राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर अशी मजल मारीत आम्ही सिन्नर ओलांडले तेव्हा उन्हे कलली होती. नाशिकास मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणत. फुलबागांची ती कीर्ती मागे पडून आता द्राक्षांची झाली आहे, आणि फाल्गुनात त्याची साक्ष रस्तोरस्ती पटते. जागोजागी हातगाड्यांवर हिरवे-पिवळे घड रचलेले असतात आणि पेट्या भरलेल्या गाड्या मुंबईच्या वाटेने धावत असतात.

आत्याबाईंचे घर जुन्या नाशकात, गोदाकाठापासून हाकेच्या अंतरावर आहे. तीन पिढ्यांची मिळून अकरा माणसे एका चुलीवर जेवतात. आत्याबाईंना त्र्याऐंशीवे लागले आहे. एकादश्या, चातुर्मास, सोवळे-ओवळे यांतले जितके झेपेल तितके त्या अद्याप सांभाळतात. दुसऱ्यांनी सांभाळावे असा मात्र त्यांचा आग्रह नाही. आम्ही वाकून नमस्कार केला. त्यांनी पुण्याच्या साऱ्यांची नावे घेऊन चौकशी केली. बागेविषयी मात्र एक शब्द नाही.

माजघरात पाहतो तो द्राक्षांनी भरलेले चार क्रेट भिंतीशी ठेविलेले. वहिनी म्हणाल्या, "चांगला माल व्यापारी घेऊन जातो. तडकलेले नि सुटे मणी आपल्या वाट्याला. मुले खाऊन कंटाळली, शेजारीपाजारी वाटून झाले, सरबते झाली. उरलेले गाईपुढे टाकतो. पण यंदा टाकवत नाही हो!" त्या असे का म्हणाल्या ते आम्हांस कळले. या बागेचे हे शेवटचेच पीक होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींबरोबर आम्ही देवळाली कॅम्पास गेलो. वहिनी ज्या शाळेत शिकवीत, तेथील एक वयस्कर पारशी शिक्षिका आता निवृत्त होऊन तेथेच राहतात. नाशकात राहून देवळाली न पाहिलेली माणसे बरीच आहेत. त्यांनी एकदा तरी जावे. रस्ते रुंद, झाडी दाट आणि बंगले जुन्या घाटणीचे. इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली ती १८६० नंतरच्या दशकात. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर आली आणि मुंबई बंदर जवळ झाले. विलायतेस परतावयाचे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्महिने पडून राहत. कंटाळा, ऊन आणि ताप यांनी त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्यास 'डुलाली' म्हणण्याची चाल पडली. आपल्या देवळालीचे नाव अशा रीतीने इंग्रजी कोशात जाऊन बसले आहे! पुढे पारशी व गुजराथी मंडळींनी येथील हवा पाहून बंगले व आरोग्यधामे बांधिली. आज येथे आपल्या सैन्याच्या तोफखान्याचे मोठे शिक्षणकेंद्र आहे.

बाईंनी आमचे स्वागत मोठ्या आपुलकीने केले. पारशी लग्नात 'लगन-नू-कस्टर्ड' नावाचा दूध, साखर, अंडी व जायफळ यांचा भाजलेला गोड पदार्थ अवश्य असावा लागतो. बाईंचा त्यात हातखंडा आहे. पण आम्हांला अंडी चालत नाहीत हे जाणून त्यांनी निराळाच पदार्थ पुढे ठेविला. काचेच्या पसरट भांड्यात खाली पेरूच्या शिजलेल्या फोडी दाट रसात बुडालेल्या, आणि वर तांबूस भाजलेल्या पिठाचे ओबडधोबड गोळे एकमेकांस चिकटलेले. चमचा घालताच आत वाफ. गोड, आंबट, खुसखुशीत आणि मऊ अशा चारही चवी एका घासात आल्या. नाव विचारले तर म्हणाल्या, "कॉब्लर."

या पदार्थाचा इतिहास बाईंनी सांगितला तो मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडातून अमेरिकेत वसाहत करावयास गेलेल्या लोकांना घरच्यासारखी पुडिंगे करता येईनात. तिकडचे साहित्य नाही, भांडी नाहीत, भट्टीही नाही. होते काय, तर रानातली नि परसातली फळे, थोडे पीठ आणि एक जड बिडाचे भांडे. त्यांनी भांड्यात फळे घातली, वर पिठाचे गोळे ठेविले, झाकण लाविले आणि झाकणावरही निखारे पसरले. अशा रीतीने अडचणीतून हा पदार्थ जन्मास आला. त्याचे हे नाव छापील पुस्तकांतून आढळू लागते ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. वरचे गोळे फरसबंदीच्या दगडांसारखे दिसतात म्हणून हे नाव पडले, असे काही जण सांगतात. त्याची भावंडेही पुष्कळ आहेत. पीठ, साखर व लोणी बोटांनी चोळून फळांवर भुरभुरले की 'क्रंबल' होतो. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत लोणी-पिठाची टंचाई पडली तेव्हा घरोघरी तोच होई. फळे आणि शिळ्या पावाचा चुरा यांचे थर दिले की 'ब्राउन बेटी'. या सगळ्यांत राजेरजवाड्यांचा पदार्थ एकही नाही. जे फळ बाजारात मिरविता येत नाही, ते घरी सत्कारणी लावण्याच्या या युक्त्या आहेत.

वहिनींनी आमच्याकडे पाहिले. माजघरातले चार क्रेट दोघांच्याही डोळ्यांपुढे उभे राहिले होते. बाईंनी प्रमाण लिहून दिले आणि वर सांगितले, "यात अंडे नाही. तुमच्या सासूबाईंना खुशाल द्या."

वाड्यात विजेची भट्टी नाही. तेव्हा परतताना आम्ही भांडीबाजारात उतरलो. नाशिकच्या तांब्यापितळेच्या कामाची ख्याती जुनी आहे. स्टीलची भांडी घरोघरी शिरली तरी येथील ठोक्यांचा आवाज अद्याप थांबलेला नाही. जाड बुडाचे एक पितळी पातेले पसंत केले. कशासाठी हवे ते ऐकून दुकानदाराने दोन गोष्टी बजावल्या. एक, आंबट फळ घालावयाचे तर आतून कल्हई ताजी हवी, नाहीतर पदार्थ कळकतो. दुसरी, पातेले कोरडे तापवू नये. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांस वितळते. आत रस असेल तोवर भीती नाही. तो आटून बूड कोरडे पडले की कल्हई गेलीच म्हणून समजावे. पुस्तकात न सापडणारे असे ज्ञान बाजारात फुकट मिळते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतेबंधूंबरोबर बागेत गेलो. निफाड तालुक्याची ही काळी जमीन, जवळून वाहणारी कादवा, आणि दृष्टी पोहोचेल तेथवर वेलींचे मांडव. मांडवाखाली शिरले की फाल्गुनातही गारवा वाटतो. बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवीत होत्या. मण्यांवरील पांढुरकी लव पुसली जाऊ नये म्हणून घड देठाने धरावयाचा, ही शिस्त लहान पोरीही पाळतात.

आतेबंधू शांतपणे हिशेब सांगत होते. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिने पुढील काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यानंतर घड लागून चार महिन्यांच्या आतबाहेर फळ हाती येते. या चार महिन्यांत पाऊस आला की संपले. फुलोऱ्यात आला तर केवडा रोग आणि घडांची कूज. फळ पिकताना आला तर मणी पाणी पिऊन फुगतो आणि साल तडकते, मग एका तडकलेल्या मण्यापायी सारा घड नासतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर या भागात गारपीट झाली, तेव्हा दोन घटकांत वर्षाची मेहनत मातीत गेली. पुढेही पावसाने पाठ सोडली नाही. औषधे, मजुरी, तारा-खांबांची दुरुस्ती, सारेच वाढले. व्यापारी तर मण्याचा आकार आणि रंग पाहून भाव करतो. एक डाग दिसला की क्रेट बाजूला. "दादांची बाग काढताना मला सुख होते असे नाही," ते म्हणाले, "पण कर्ज काढून आठवण किती दिवस पोसायची?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. नव्हतेच, आणि दूर शहरात राहून शेतकऱ्यास हळवेपणाचे धडे द्यावेत असेही आम्हांस वाटले नाही. बाजूस काढलेल्या मण्यांपैकी चांगले निवडून आम्ही घरी आणिले.

सायंकाळी परसात शेगडी पेटविली. आमचा पहिला प्रयत्न पुरता फसला, हे कबूल केले पाहिजे. पातेल्यात द्राक्षे, वर पिठाचे गोळे, खाली रसरशीत कोळसा आणि झाकणावर थोडे निखारे. अर्ध्या तासाने पाहतो तो खाली रस करपून काळा झालेला आणि वरचे गोळे पांढरेफटक, कच्चे. मुले हिरमुसली. वहिनी पातेले घासावयास घेणार, इतक्यात ओसरीवरून आवाज आला, "अगं, खाली एवढा जाळ कशाला घातलात? धोंडस कधी केले नाही वाटते कुणी!"

आत्याबाई काठी टेकीत परसात आल्या. आमचे मूळ घर रत्नागिरीकडचे. भाद्रपदाच्या सुमारास तेथे मोठाली तवशी येतात. ती जून काकडी किसून, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे घालून पातेल्यात लावावयाची, खाली विस्तव, वर थाळ्यात विस्तव. तेच धोंडस. आमच्या आजी ते करीत, आणि आत्याबाई लहानपणी निखारे सारण्याचे काम करीत. आम्ही त्याच आजींचे नातू. पण आमच्या पिढीत कोणी ते केले नव्हते, आणि आत्याबाईंना ते येते हेही कोणास ठाऊक नव्हते. कारण कोणी विचारलेच नव्हते!

"तीन वाटे विस्तव असेल तर खाली एक, वर दोन," त्या म्हणाल्या. "खालचे शिजायचे असते, वरचे भाजायचे. आणि वरचे निखारे कडेने ठेवा, मधे ढीग नको." बाईंनी देवळालीत सांगितलेल्या त्या बिडाच्या भांड्याचीही हीच रीत. सातासमुद्रांपलीकडे जे झाले तेच कोकणातील चुलीपाशी झाले होते. मध्ये कोणी कोणाचे पाहून केले नव्हते. भट्टी नसलेल्या घरातील बायांना दोन्हीकडे एकच वाट सुचली.

पांढरी बेकिंग पावडर त्यांनी हातात घेऊन बाजूला ठेविली. "सोडा आणि आंबट क्षारच ना? मग आंबट ताक आहे की घरात." मैदा निम्मा करून निम्मी कणीक घालावयास लाविली. आमच्या वाचक भगिनींच्या सोयीसाठी ते प्रमाण येथे देतो.

सव्वा किलो बिनबियांची द्राक्षे धुऊन देठ काढून घ्यावीत. शंभर ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून ती मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावीत. साली फुटून रस सुटतो. दोन चहाचे चमचे आरारूट गार पाण्यात कालवून त्यात घालावे, म्हणजे रस दाट होतो. वेलदोडा किंवा जायफळ आवडीप्रमाणे. एकीकडे सव्वाशे ग्रॅम मैदा, तितकीच कणीक, दोन मोठे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा व थोडे मीठ एकत्र चाळावे. ऐंशी ग्रॅम थिजलेले तूप त्यात बोटांच्या टोकांनी चोळावे. तूप पातळ नसावे. त्याचे लहान खडे राहिले तरच पदार्थ खुसखुशीत होतो. मग सुमारे पाऊण वाटी आंबट ताक घालून पीठ सैलसर कालवावे, मळू नये. ताक पडताच सोडा फसफसतो, म्हणून पुढे उशीर करू नये. फळे उकळत असतानाच त्यांवर चमच्याने गोळे सोडावेत. खालचा रस गार असला तर गोळ्यांचे बूड कच्चे राहते. गोळ्यांमध्ये थोडी जागा ठेवावी, वाफ तेथून निघते. निखाऱ्यांवर चाळीस मिनिटे पुरतात. गोळ्यात सळई खुपसून कोरडी निघाली की झाले. घरी विजेची भट्टी असेल तर १९० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात. नुसत्या गॅसवर मात्र वरची बाजू तांबूस होणार नाही. चव बिघडत नाही, एवढेच समाधान. द्राक्षांच्या जागी पेरू, आंबा, अंजीर, काहीही चालते. साखर फळाच्या गोडीप्रमाणे कमी-अधिक करावी.

दुसऱ्या खेपेस झाकण उचलले तेव्हा परसभर वास सुटला. तांबूस गोळे फुगून एकमेकांस भिडले होते आणि त्यांच्या फटींतून मधासारखा रस वर आला होता. धाकट्या नातीने इंग्रजी शब्दकोश उघडून 'कॉब्लर' म्हणजे जोडे दुरुस्त करणारा, असे मोठ्याने वाचून दाखविले. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मला तर ही गोधडी दिसते. तुकडा तुकडा जोडून केलेली." तेव्हापासून त्या घरात या पदार्थास 'द्राक्षांची गोधडी' हेच नाव पडले आहे. अकरा अधिक दोन अशा तेरा माणसांनी पातेले पुसून खाल्ले.

आत्याबाईंनी आपली वाटी देवापुढे ठेवून मग घेतली. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारले, "ही आपल्याच बागेची ना रे?" मुलाने होकार दिला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "उद्या मला घेऊन चल."

चौथ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी आम्ही सारे बागेत गेलो. आत्याबाईंनी मांडवाखालून हळूहळू एक फेरी घातली. विहिरीजवळच्या ओळीशी त्या थांबल्या. आतोबांनी लागवडीची सुरुवात तेथून केली होती. त्या मुलास म्हणाल्या, "तू ठरवलेस ते योग्यच आहे. बाग काढ. कर्जापुढे इलाज नाही. पण ही एक ओळ राहू दे."

"आई, एका ओळीलाही औषध लागतेच. पाऊस आला तर डाग पडतील, मणी तडकतील."

"पडू देत. ही बाजारासाठी नाही, घरासाठी आहे. तडकलेल्या मण्यांचे काय करायचे ते आता येते की आपल्याला."

आतेबंधू काही बोलले नाहीत. पण गड्याला बोलावून त्यांनी विहिरीजवळच्या खांबांवर खडूने खुणा करविल्या. तेवढे खांब काढावयाचे नव्हते.

दुपारी आम्ही पुण्याची वाट धरली. गाडीत नेहमीप्रमाणे चिवडा होता, द्राक्षांची पेटी होती आणि कल्हई केलेले पातेलेही होते. द्राक्षांच्या पेटीत यंदा निवडक घड नव्हते. आम्ही मागून घेतलेले सुटे मणी होते. पुढील पावसात कोणाच्या बागेवर काय गुदरेल ते सांगता येत नाही, आणि एका पातेल्याने शेतकऱ्याचे नुकसान भरून येते असे म्हणण्याचा भाबडेपणाही आम्ही करणार नाही. पण डाग पडलेले फळ दिसले की ते गाईपुढे टाकण्याआधी वाचकांनी घरातील वडीलधाऱ्या बाईस एकदा विचारून पाहावे. त्यांना काय काय येते, हे पुष्कळदा आपणच त्यांना विचारलेले नसते.